तेल कमी पडले असेल

चिखलाने माखलेली माउंटन बाइक धुणे हे एकांतात करावयाचे काम आहे, आणि इमारतीखालच्या सामायिक नळाशी तो एकांत कधीच मिळत नाही. मी बादली, दोन ब्रश आणि जुन्या बनियनची फडकी घेऊन बसलो, तोच शेजारचे काका येऊन उभे राहिले. काकांना सायकलवर बसलेले कोणी पाहिलेले नाही. सायकलीबद्दल त्यांना सगळे माहीत असते, ही गोष्ट वेगळी.

“अरे, ब्रशने काय घासत बसलास? माझा प्रेशर पंप आणतो. दोन मिनिटांत चकाचक!”

मी नम्रपणे सांगितले की जोराचे पाणी नको. चाकांचे हब (म्हणजे मधले तुंबे), पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो बॉटम ब्रॅकेट, हँडलखालचा हेडसेट आणि मागच्या सस्पेन्शनचे सांधे, या सर्वांत बेअरिंग असतात. त्यांवरची सीले पाऊस आणि चिखल अडवतात, पण जवळून मारलेला जोरदार फवारा त्यांना चुकवून आत शिरतो, ग्रीस धुऊन काढतो आणि गंज मागे ठेवतो. हे नुकसान लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी चाक कुरकुरू लागते, तेव्हा पंपावर कोणाचा संशय जात नाही.

“पण सील कशाला असते?” काकांनी विचारले.

“पाणी आत जाऊ नये म्हणून.”

“मग जात नाही ना!”

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी साबणाच्या पाण्याने फ्रेम धुतली, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळ्या मऊ फडक्याने पुसल्या (तेथे अडकलेली माती प्रत्येक धक्क्याबरोबर सीलवर घासत राहते) आणि चेनकडे वळलो. चेनवर मी पट्टी ठेवताच काकांनी कापड घ्यायचे आहे का, असे विचारले. वास्तविक चेनची ही तपासणी नवशिक्याला सर्वांत आधी शिकवावी. चेनच्या शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असते, म्हणून नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. शेवटची पिन १/१६ इंच पुढे सरकली, तर चेन बदलावी. १/८ इंच सरकेपर्यंत वाट पाहिली, तर तोवर तिने बहुधा मागची दातेरी चक्रेही खाल्लेली असतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो खरे, पण पोलाद काही ताणले जात नाही, पिना आणि त्यांभोवतीची जागा झिजते. ही माहिती मी काकांना दिली. त्यांनी ती घेतली नाही.

त्यानंतर तेल. आधी डिग्रीजरने, म्हणजे तेलकट मळ काढणाऱ्या द्रवाने, जुना काळा थर काढावा आणि चेन पूर्ण कोरडी होऊ द्यावी. मग पेडल उलटे फिरवीत प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब सोडावा, थोडा वेळ थांबावे आणि बाहेरचे सर्व तेल पुसून टाकावे. हे पुसणे पाहून काका खरोखर अस्वस्थ झाले.

“आत्ताच घातलेस ना? मग पुसतोस कशाला?”

“तेल आत हवे, काका. बाहेर राहिले तर त्यावर धूळ बसते आणि दोन्हींचे मिळून घासण्याचे मलम तयार होते.”

“तेलाने कधी कोणाचे वाईट झाले आहे का?” असे म्हणत ते घरात गेले. मला वाटले, विषय संपला. मी बादलीतले पाणी बदलायला नळाकडे वळलो. परत येऊन पाहतो तो काका तेलाच्या फवाऱ्याचा डबा हातात घेऊन, अत्यंत प्रेमाने, मागच्या ब्रेकची चकती न्हाऊ घालीत होते.

“ही बघ, कोरडी ठणठणीत पडली होती!”

डिस्क ब्रेक चालतो तो घर्षणावर. चकतीवर तेल गेले, की ब्रेक लावताच ते चकतीला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडमध्ये मुरते. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्वच्छ होते, पॅड मात्र बहुतेक वेळा फेकावेच लागतात. चकती पुसल्यावर पॅड वाचले असतील या वेड्या आशेने मी सायकल थोडी चालवून ब्रेक दाबला, आणि असा किंकाळ्यासारखा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. सायकल थांबली नाही ती नाहीच. काकांनी मान डोलावून निदान केले: “तेल कमी पडले असेल.”

काकांचा जन्म चुकीच्या ठिकाणी झाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून डोंगरउताराची पहिली रिपॅक शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटे दाबून लागणारा असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. ‘रिपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे; शर्यतीचे नावही या कामावरूनच पडले. ब्रेकला ग्रीस लागते, असे जग एकदा खरोखर अस्तित्वात होते! तेथे काकांचे सोने झाले असते. माझ्या नशिबी ते डिस्क ब्रेकच्या काळात आले.

सायकल ही सार्वजनिक वस्तू आहे, असे लोकांना का वाटते, हे मला समजत नाही. उभ्या मोटारीच्या ब्रेकवर कोणी तेल मारीत नाही. उभ्या सायकलीचे गिअर मात्र येणारा-जाणारा खटाखट बदलतो, मग मालकाने पहिले पेडल मारताच चेन कडाडून उडी घेते. चाक काढून ठेवले असेल, तर कोणीतरी हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) ब्रेक हमखास दाबून पाहतो. त्यामुळे पॅडना ढकलणारे पिस्टन बाहेर सरकून पॅड एकमेकांना भिडतात आणि चाक परत बसवताना चकती आत जात नाही. विचारले तर उत्तर ठरलेले: “सहज बघत होतो.” सहज बघायला डोळे पुरतात.

नवे पॅड मी माझ्या पैशाने आणले. नव्या पॅडची चकतीशी नीट बैठक बसावी म्हणून बऱ्यापैकी वेग घ्यायचा, सायकल पूर्ण थांबू न देता ब्रेक दाबायचा, सोडायचा, आणि हे पुनःपुन्हा करायचे असते. इमारतीसमोर मी हे करीत असताना काका गॅलरीत उभे होते, आणि शेजारच्या गॅलरीतल्या काकूंना मोठ्याने सांगत होते, “बघा, अजूनही ब्रेक लागत नाही त्याचा. मी सुचवले होते, पण या मुलांना तेलाचे महत्त्व कोण सांगणार?”