त्या घरात कधी कुणी राहिलंच नाही

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवरून आलं. पाच-सहा रंगीत चित्रं आहेत. समुद्रावर झेपावलेला दिवाणखाना, छतापासून जमिनीपर्यंत काच, मधोमध दोन पायऱ्या खाली उतरणारी खोलगट बैठक, पार्टीच्या कपड्यांतलं जोडपं. खाली मजकूर: ‘१९६० सालच्या अमेरिकेतली सामान्य माणसाची घरं. एकाचा पगार, बायको घरी, तरी हा थाट! आज दोघं कमावूनही वन बीएचके परवडत नाही. तेव्हा लोकांना दृष्टी होती.’ मी इंटिरिअरची कामं करते, त्यामुळे एरवी अशा गोष्टी हसून सोडून देते. पण परवा एका क्लायंटने यातलंच एक चित्र दाखवून “मॅडम, हॉल असा हवा” म्हटलं, तेव्हा लिहायला बसले.

मुळात ही सामान्य माणसाची घरं नाहीत, कारण ही घरंच नाहीत. मोटोरोला कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्ही आणि स्टिरिओ खपवण्यासाठी चार्ल्स श्रिडे या चित्रकाराकडून जाहिराती करून घेतल्या. ‘लाइफ’ आणि ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये त्या छापून आल्या. फॉरवर्डमधली चित्रं त्या मालिकेतली आहेत. कुणीतरी खालचा जाहिरातीचा मजकूर कापलाय, टीव्ही मात्र कापता आलेला नाही. लाकडी कॅबिनेटमधला तो टीव्हीच चित्राचा खरा नायक. घर त्याच्यासाठी उभारलेला देखावा.

चित्र हातात आलं की मी आधी माणूस शोधते. बाई साडेपाच फुटांची धरायची आणि तिच्या मापाने खोली मोजायची. या चित्रांतला दिवाणखाना सहज चाळीस फुटांवर जातो. सोफे मुद्दाम बुटके काढलेत, म्हणजे छत आणखी वर गेल्यासारखं दिसतं. मग स्लॅब बघा. एवढा मोठा तुकडा हवेत बाहेर काढलाय, तो पेलणारा खांब कुठे दिसत नाही. रात्री आत दिवे लागल्यावर काचेचा आरसा होतो हे काच बसवणारा पोऱ्याही सांगेल, पण इथे बाहेरचा समुद्र लख्ख दिसतो. टीव्हीची वायर शोधून दाखवा. हा चित्रकाराचा दोष नव्हे, त्याचं कामच ते होतं आणि त्याने ते झकास केलंय. आपल्याकडे दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहून ‘तेव्हा गिरगावातल्या चाळींत अशाच बायका राहायच्या’ असं कुणी म्हणत नाही. परदेशी चित्र दिसलं की आपली ही अक्कल का गळून पडते, कळत नाही.

मग सामान्य माणसाचं घर होतं कसं? न्यूयॉर्कजवळचं लेव्हिटटाउन पाहा. १९४७ ते १९५१ या काळात तिथे सतरा हजारांवर घरं कारखान्यासारखी एकामागून एक उभी राहिली. सुरुवातीचं मॉडेल ७५० चौरस फुटांचं: दोन बेडरूम, एक बाथरूम, १२ बाय १६चा हॉल, वर अर्धवट सोडलेला माळा. पुण्यात आटोपशीर टू बीएचके म्हणतो, तेवढंच. फरक जमिनीचा, कारण भोवती ६० बाय १०० फुटांचा प्लॉट होता. १९५०च्या मॉडेलमध्ये टीव्ही आला, तो जिन्याच्या भिंतीत बसवलेला साडेबारा इंची. समुद्र नाही, खोलगट बैठक नाही. आणि हे घरही नवं कोरं, म्हणजे नशीबवानांचं. १९५०च्या शिरगणतीत अमेरिकेतल्या साधारण एक तृतीयांश घरांत गरम पाणी, संडास, न्हाणी ही पूर्ण सोय नव्हती.

‘बायको घरी’ हेही अर्धंच. १९६०मध्ये तिथल्या विवाहित बायकांपैकी दहांतल्या तीन नोकरी करत होत्या किंवा शोधत होत्या.

आता दाव्यातलं जे खरं आहे ते मान्य करते. १९६०मध्ये मध्यम कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५,६०० डॉलरच्या आसपास होतं आणि मालकीच्या घराची मध्यम किंमत ११,९०० डॉलर. म्हणजे दोन वर्षांच्या उत्पन्नाहून थोडीच जास्त. आपल्याला हेवा वाटावा असंच हे गणित आहे. पण ते जमलं सरकारी हमीच्या दीर्घ मुदतीच्या कर्जांमुळे, माजी सैनिकांना मिळालेल्या सवलतींमुळे. आणि ते सगळ्यांसाठी नव्हतं. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये असं सरळ कलम होतं. १९५७मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तर दारासमोर जमाव जमून दगडफेक झाली. फॉरवर्डमधल्या ‘सामान्य माणसा’त हे कुटुंब बसत नाही.

उरली दृष्टी. काचेची घरं खरोखर बांधली गेली, नाही असं नाही. लॉस एंजेलिसच्या टेकडीवर पिएर कोनिगने बांधलेलं स्टाल हाउस आजही उभं आहे. १९६०मध्ये ज्युलियस शुलमनने काढलेला त्याचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल: खाली दिव्यांचं शहर, काचेमागे गप्पा मारणाऱ्या दोन तरुणी. त्या तरुणी त्या घरातल्या नव्हत्या, फोटोसाठी बसवलेल्या होत्या. खऱ्या घराची ही कथा, मग चित्रातल्या घराचं काय घेऊन बसलात!

क्लायंटच्या हॉलचं माप मी काल घेतलं. ११ बाय १६. लेव्हिटटाउनपेक्षा एक फूट कमी. खोलगट बैठक हवीच असेल तर स्लॅब फोडावा लागेल, आणि खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात.