ओली पोती, ताडपत्री आणि गुदमरलेल्या मधपेट्या

परागीभवनासाठी मधपेट्या भाड्याने घेणाऱ्या डाळिंब आणि कांदा-बियाणेवाल्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरतोय: 'ट्रॉलीतून मधपेट्या नेण्याची सोपी पद्धत'. त्यात म्हटलंय, रात्री टॉर्च लावून पेट्यांची दारं मातीने गच्च लिंपा, अंधारात माश्या झोपून जातात. वर ओली पोती टाका आणि ताडपत्री ताणा. मध काढू नका, वाटेत त्यांना खायला होतो. दोरीचा फेरा मारा, ट्रॅक्टर सावकाश चालवा. माशी कुठलीही असो, पद्धत हीच. शेजारच्या शिवारात न्यायच्या असतील तर एवढंही करायला नको. खाली 'जास्तीत जास्त बांधवांपर्यंत पोचवा' आहेच.

यातलं 'रात्री न्या' एवढं बरोबर. दिवेलागणीपर्यंत चरायला गेलेल्या माश्या घरी आलेल्या असतात, हवाही गार असते. बाकी सगळा संदेश एकाच धास्तीतून लिहिलाय, की माशी बाहेर आली तर डसेल. वाटेत वसाहत मरते ती मात्र बहुतेक वेळा पेटीच्या आत, उकाड्याने.

दार बंद झालं आणि हादरे बसू लागले की माश्या झोपत नाहीत, बिथरतात. मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय माशीच्या, भरलेल्या पेटीत चाळीस-पन्नास हजार माश्या असू शकतात. एवढ्या जणी एकदम धडपडू लागल्या की त्यांच्याच अंगच्या उष्णतेने पेटी तापते. एरवी त्या पिलाव्यापाशी, म्हणजे अंडी-अळ्या असतात तिथे, 33 ते 36 अंश तापमान राखतात. त्याहून चढलं तर पाण्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी उडून जातं, गारवा येतो. पण त्यासाठी आतली दमट हवा बाहेर पडून कोरडी हवा आत यायला हवी. संदेशाने नेमकी तीच वाट बुजवली. ओल्या फडक्याने माठ गार राहतो, कारण त्याला वारा लागतो. ताडपत्रीखालच्या ओल्या पोत्याने नुसती वाफ कोंडते. मग माश्या पोटातला मध ओकतात, तो एकमेकींच्या अंगाला माखतो. मेण वितळायला साठाच्या वर तापमान लागतं, पण चाळिशीपुढेच ते मऊ पडतं आणि मधाने जड झालेलं पोळं चौकटीतून सुटून खाली येतं. अशी पेटी सकाळी उघडली की तळपाटावर ओल्या, काळ्या चकचकीत माश्यांचा थर दिसतो आणि आंबूस वास नाकात जातो. जिच्यात माश्या जास्त तीच आधी जाते. म्हणजे तुमची सगळ्यात दणकट वसाहत.

त्यामुळे माती नको आणि पोतीही नकोत. दाराला बारीक तारेची जाळी ठोका. आतलं झाकण काढून तिथे जाळीची चौकट बसवा. वरून ताडपत्रीऐवजी जाळं टाका. कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांसाठी दरवर्षी वीस लाखांवर पेट्या ट्रकने जातात, त्यातल्या कित्येकांची दारं उघडीच असतात आणि अख्ख्या मालावर जाळं ताणलेलं असतं. इतकी मोकळीक आपल्याकडच्या रस्त्यांवर, टपऱ्या-नाक्यांवर मी सुचवणार नाही, पण हवा कोंडायची नाही हे तत्त्व तेच.

मधाचं तर उलटंच आहे. आधी मध काढा, मधकोठ्या म्हणजे मध साठवायचे वरचे कप्पे उतरवा. एका रात्रीपुरतं खाणं खालच्या पिलाव्याच्या कोठीत कडेला असतं. ताज्या पांढऱ्या मेणाची, मधाने भरलेली पोळी पहिल्या खड्ड्यालाच सुटतात आणि खालच्या माश्या मधात बुडतात. टॉर्चचा उजेड माश्यांना ओढतो. लाल रंग त्यांना दिसत नाही, म्हणून काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावावा.

'सावकाश चालवा' वाचायला बरं वाटतं. पण बहुतेक ट्रॉल्यांना स्प्रिंगा नसतात आणि हुकात खेळ असतो. ब्रेक दाबला की मागून धक्का बसतोच. म्हणून पेट्या अशा ठेवा की आतल्या चौकटी ट्रॉलीच्या लांबीला समांतर येतील. आडव्या ठेवल्या तर प्रत्येक ब्रेकला चौकट चौकटीवर आपटते आणि मधली राणी चिरडू शकते. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि घाटात सैल पडते. प्रत्येक पेटी आधी स्वतंत्र बांधा, मग सगळ्यांवर कसण्याचे पट्टे. कॅनडात ऑन्टारिओमधल्या बर्लिंग्टनला ऑगस्ट 2023 मध्ये ट्रेलरवरच्या पेट्या रस्त्यावर पडल्या, पोलिसांनी पन्नास लाख माश्या सुटल्याचं सांगून गाड्यांच्या काचा बंद ठेवायला लावल्या. तो रस्ता आपल्या पाणंदीपेक्षा नक्कीच बरा असणार. आणि सावकाश चालवून उन्हं डोक्यावर आली तर काय उपयोग? पहाटेआधी पोचता येईल अशा बेताने निघा.

'कुठलीही माशी' हा संदेशातला सगळ्यात बेफिकीर शब्द. मेलिफेरा झाडांची चिकट राळ आणून पेटीचे सांधे, चौकटीच्या कडा डकवून टाकते. आपली सातेरी, म्हणजे देशी पाळीव माशी, राळ वापरत नाही. तिच्या पेटीचं झाकण, कोठी, तळपाट सगळं नुसतं एकमेकांवर टेकलेलं असतं, चौकटीही सुट्या. म्हणून तिच्या चौकटी पाचरी मारून घट्ट कराव्या लागतात. शिवाय सातेरीला फार छळलं तर ती पेटी सोडून निघूनच जाते. भाडं भरून रिकाम्या पेट्या सांभाळत बसायचं.

शेजारच्या शिवाराचं म्हणाल तर फसगत तिथेच होते. माशीला पेटी कळत नाही, जागा कळते. पाचशे मीटरवर पेटी नेली तर सकाळी चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागी परततात आणि रिकाम्या स्टँडवर घोंगावत राहतात. मेलिफेरासाठी एक तर रोज हातभर सरकवा, नाही तर चार-पाच किलोमीटर लांब न्या. अधेमध्ये ठेवू नका. पोचल्यावर सगळी दारं एकदम उघडू नका. पेट्या मांडून थोडं थांबा, किंचित धूर द्या आणि एक सोडून एक उघडा. दारापुढे पाल्याची फांदी ठेवली की माशी अडखळते आणि नवी जागा बघून घेते.

दिवसा ट्रॉली रस्त्यात बंदच पडली तर आधी मेकॅनिक शोधत बसू नका. वस्तीपासून लांब सावली बघा, ट्रॉली तिथे ओढून न्या आणि जाळीवरून पाणी शिंपडा. दुरुस्तीला तास-दोन तासांपेक्षा जास्त लागणार असेल, तर पेट्या उतरवून दारं उघडा आणि पुढचा प्रवास रात्री करा.