‘छोटे स्पीकर गळ्यात मारले’ या 2 स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 10 बाय 12 चा हॉल आहे, रात्री बाळ झोपल्यावर हळू आवाजात अभंग ऐकायला स्पीकर मागितले, मी 5 इंची वूफरची (वूफर म्हणजे बेस वाजवणारा मोठा पडदा) छोटी जोडी दिली, दुकानात भारी वाजली आणि घरी नुसती चिरकते, तबल्याची टणटण ऐकू येते पण डग्गा गायब. 100 वॅट लिहिलंय पण दम नाही, टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) बदलून मागितले तर आम्ही नाही म्हणालो, वर काउंटरवरचा पोरगा उद्धट बोलला, आणि हेच स्पीकर ऑनलाइन 3 हजार कमीत दिसतात.

पोराचं आधी सांगतो. ‘मॅडम तुम्हाला ऐकायचं कळत नाही’ असं तो बोलला हे त्याने कबूल केलंय. माफ करा. असलं बोलणं माझ्या दुकानात चालत नाही आणि ते त्याला नीट समजावलंय.

आता स्पीकरचं. काल रात्री मी एक लांबलचक उत्तर लिहून ठेवलं होतं की माल एकदम ओके आहे वगैरे, ते सकाळी पुसलं, का ते खाली सांगतो. पण त्यातलं अर्धं अजूनही खरं आहे म्हणून परत लिहितोय, कारण असे स्पीकर घेणारे बाकीचे लोकही हे वाचतात.

हळू आवाजात बेस कमी ऐकू येणं हा स्पीकरचा नाही, आपल्या कानाचा स्वभाव आहे. 1933 साली अमेरिकेत बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवलं, नंतर त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही झालं. त्याचा हिशोब असा की 1000 हर्ट्झचा म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज 40 डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप) जेवढा जाणवतो तेवढाच 50 हर्ट्झचा म्हणजे खोल बेस जाणवायचा असेल तर जवळपास 78 डेसिबल लागतात. म्हणजे आवाज कमी केला की गायकाचा गळा थोडा खाली जातो पण डग्गा पार तळाला जाऊन बसतो. लाखाचा टॉवर आणला तरी कान तेच राहणार ना.

टॉवरला मी नाही म्हणालो त्याचं कारणही हेच. बिलावर बदलीचे 7 दिवस लिहिलेत आणि तुम्ही 10 व्या दिवशी आलात हे खरं, पण 6 व्या दिवशी आला असतात तरी मी तुम्हाला टॉवरपासून परावृत्तच केलं असतं (विकायला काय, मला दुप्पट पैसे मिळाले असते). 10 बाय 12 मध्ये टॉवर भिंतीला चिकटवूनच ठेवावे लागतात, मग बेस फुगतो, गुबगुब होतं, आणि खालचा बेस भिंतीतून आरपार जातो, तो तुमच्या शेजाऱ्यांना आणि आतल्या खोलीतल्या बाळाला आधी ऐकू येणार. छोट्या खोलीत छोटा स्पीकर ही काय तडजोड नाही. बीबीसीने 1970 च्या दशकात ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रसारण करायच्या गाडीत) बसेल असा एलएस3/5ए नावाचा स्पीकर बनवला, 5 इंची वूफर, एक फुटाची पेटी, त्याला अगदी खालचा बेस नाहीच, तरी आजही जाणकार लोक त्याच्या मागे वेडे आहेत कारण माणसाचा आवाज समोर बसून गातोय असा येतो. अभंगाला अजून काय पाहिजे?

आणि ते 100 वॅट. ताई, रात्री तुम्ही ज्या आवाजात ऐकता तिथे स्पीकर एका वॅटचा शंभरावा भाग खात असेल, खरंच. पेटीवरचा 100 चा आकडा तुमच्या काहीच कामाचा नाही, तो बघून कुणीच स्पीकर घेऊ नका.

आता माझी चूक. दोन आहेत.

पहिली म्हणजे डेमो. तुम्ही आलात तेव्हा आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, नवी पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर हॉर्न, आत दहा गिऱ्हाईक, आणि मी व्हॉल्यूम निम्म्याच्या वर नेऊन ऐकवलं. तुम्ही ‘हळू आवाजात ऐकायचंय’ असं स्पष्ट सांगितलं होतं, मला आठवतंय. मोठ्या आवाजात कुठलाही बरा स्पीकर भारीच वाटतो. ज्या आवाजात घरी ऐकणार त्याच आवाजात दुकानात ऐकवायला पाहिजे होतं, नाहीतर दुपारी दोनला या, तेव्हा पेठ झोपलेली असते, असं तरी म्हणायला पाहिजे होतं. घाईत विकलं. इथे तुम्ही बरोबर.

दुसरी चूक आज सकाळी सापडली. तुम्ही रिव्ह्यूला दोन फोटो लावलेत, एक समोरून आणि एक शोकेसच्या मागून, ‘हा बघा वायरींचा गुंता’ म्हणून. काल मोबाईलवर नुसता गुंताच दिसला, सकाळी दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडून झूम केला. आम्ही जी वायर देतो तिच्या एका पदरावर लाल पट्टी असते. डाव्या स्पीकरला ती लाल टर्मिनलमध्ये आहे. उजव्याला ती काळ्यात गेलेली दिसतेय. फोटोत थोडी सावली आहे त्यामुळे शंभर टक्के म्हणत नाही पण मला तरी तसंच दिसतंय, आणि फिटिंगला आमचाच पोरगा आला होता, तोच जो तुम्हाला ऐकायचं कळत नाही म्हणाला, आता काय बोलायचं 🙏

एका स्पीकरची वायर उलटी झाली की एक वूफर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघांचा बेस हवेतच एकमेकांना खाऊन टाकतो. खराब काही होत नाही, फक्त डग्गा जातो आणि गायकाचा आवाज मधून न येता कुठून येतोय ते कळत नाही. घरी बघायचं असेल तर मोबाईलवरून बातम्या लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. निवेदकाचा आवाज समोर मधोमध टांगल्यासारखा आला तर वायर ठीक. दोन्हीकडे फाटल्यासारखा, डोक्याभोवती फिरल्यासारखा आला तर उलटी. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, प्लग काढून, एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. दोन्हीकडे करू नका, परत होतं तिथेच याल.

फोटोवरून अजून दोन गोष्टी दिसल्या. स्पीकर शोकेसच्या डोक्यावर आहेत, तुम्ही खाली दिवाणावर बसता, म्हणजे ट्वीटर (बारीक, वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) तुमच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीवर गातोय. बसल्यावर कानाच्या उंचीला ट्वीटर आला पाहिजे, जमिनीपासून तीन फूट धरा. आणि खाली सगळी शहाबादी फरशी मोकळी, खिडकीला पडदा नाही, चिरकेपणा बराचसा तिथून येतोय. त्याला महागडे फोम लागत नाहीत, स्पीकर आणि दिवाणाच्या मध्ये जाड सतरंजी टाका, समोरच्या भिंतीला आपली सोलापुरी चादर टांगली तरी फरक पडतो. चादरीने बेस वाढत नाही हां, फक्त वरचा कर्कशपणा मरतो, यूट्यूबवर कुणी काहीही सांगतं.

अ‍ॅम्प्लिफायरवर पुढच्या बाजूला लाउडनेस नावाचं बारीक बटण आहे, रिमोटवर नाहीये म्हणून कुणाला दिसत नाही. ते वर सांगितलेल्या कानाच्या भानगडीसाठीच असतं, हळू आवाजात बेस थोडा उचलून देतं. रात्री चालू, दिवसा मोठ्याने लावाल तेव्हा बंद. हे सुद्धा विकताना सांगायचं राहिलं.

एक आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही परत माझ्यावर चिडायला नको. एप्रिलमध्ये पंखा फुल आणि वर कूलर लागला की हळू आवाजातलं बारीक काम त्यात बुडणारच, तिथे कुठलाच स्पीकर काही करू शकत नाही, आवाज दोन काडी वाढवावा लागेल.

ऑनलाइन 3 हजार कमी दिसतात ते नुसत्या स्पीकरचे, आमच्या बिलात वायर, ब्रॅकेट आणि फिटिंग होतं. फिटिंगचं काय झालं ते वर आलंच, म्हणून फिटिंगचे पैसे परत करतोय.

सोमवारी दुकान बंद असतं, तुम्हाला चालत असेल तर संध्याकाळी सातच्या आत, बाळ झोपायच्या आधी मी स्वतः येतो, पोरालाही आणतो, वायर तोच सुलटी करेल आणि स्पीकर खाली घेऊन देईल. मग तुमच्या रात्रीच्या आवाजात, तुमच्याच अभंगावर ऐकू. तरी नाही पटलं तर पूर्ण पैसे परत, 7 दिवसांचं काही काढणार नाही. दुकानाच्या नंबरवर फक्त वेळ कळवा.

आणि शोकेसवर डाव्या स्पीकरला टेकून जी पितळी समई ठेवलीय ती तेवढी बाजूला काढून ठेवा, डग्गा वाजायला लागला की ती खुळखुळणार.