चारापैकी किती?

जुनी जीप घेताना मी इंजिनाचा आवाज ऐकला, गंज शोधला, टायरांना लाथा मारून पाहिल्या, कागदपत्रं तर दोनदा वाचली. फिरणारी चाकं तेवढी मोजायची राहिली. मागच्या दारावर वीतभर अक्षरांत '४×४', म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, असं लिहिलेलं होतं आणि लेखी असेल ते खरं मानायचं, हा सरकारी नोकरीतला माझा जुना रोग आहे.

पावसानं जोर धरला तसे आम्ही गगनबावड्याला निघालो. कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर, डांबरी रस्ता, एसटी रोज जाते. पण एसटीच्याच वाटेनं जायचं तर जीप कशाला घेतली? म्हणून कळे गावाच्या पुढे मी गाडी एका पाणंदीत घातली.

"इकडं कशाला?" बायको म्हणाली.

"फोर बाय फोर आहे!"

शंभरेक पावलांवर गाडी बसली. मी अगदी शांतपणे, कुणीतरी बघत असावं अशा बेतानं, छोटा दांडा फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या वेगवान गिअरात, ओढला. मागे लाल चिखलाचं कारंजं उडालं आणि गाडी तिथंच. मग फोर एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जास्त जोराचा गिअर. आणखी वीतभर खाली. बाजूच्या वाफ्यात चिखलणी चालली होती. औत थांबवून एक मामा बांधावर आले, उकिडवे बसले आणि खाली वाकून बघत म्हणाले, "सायेब, फुडची चाकं हलंनातच की. मागचंबी एकच फिरतंय."

मी उतरून बघितलं. खरंच एकच. चाराचे पैसे मोजले होते मी!

मामांनी बैल सोडून आणले. त्यांना कसला दांडा नव्हता. मामा नुसतं "हूं" म्हणाले आणि आठच्या आठ पाय एकदम लागू झाले.

पहिल्या गॅरेजवाल्यानं खालून टॉर्च मारला आणि "ट्रान्सफर केस गेला" असं सांगितलं; म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. 'गेला' म्हणताना त्यानं आवाज इतका खाली आणला की मला टोपी काढावीशी वाटली. तेल बदललं, सील बदलले, पुढच्या प्रोपेलरचा क्रॉस बदलला. ९,००० रुपये. गॅरेजमागच्या चिखलात घालून पाहिली, तर पुन्हा मागचं एकच. दुसरा म्हणाला क्राऊन-पिनियन. त्याला मी गाडीला हातच लावू दिला नाही.

तिसरे उद्यमनगरातले म्हातारे मिस्त्री. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. चहाचा ग्लास मडगार्डवर ठेवला, पुढच्या चाकासमोर बसले आणि मधल्या वाटीएवढ्या हबवरचा वाळका चिखल अंगठ्यानं खरवडला.

"काय लिवलंय, वाचा."

"फ्री."

"हे हातानं लॉकवर फिरवायचं असतंय. दोन्हीकडं. तुम्ही आत बसून दांडा वढताय. तिकडं शाफ्ट फिरतोय, आतला एक्सल फिरतोय, पर चाकाला पत्ताच न्हाई."

हे मला लगेच समजलं. आमच्या खात्याची परिपत्रकं अशीच फिरतात.

डावा हब फिरवून लॉकवर बसला. उजव्याची चकतीही लॉकवर गेली. मी चालायला लागलो, तर त्यांनी हात धरून थांबवलं. उजवं चाक जॅकवर उचललं आणि मला गाडीखाली झोपवलं. "मी चाक फिरवतो. फुडचा शाफ्ट फिरला तर सांगा." चाक फिरत होतं, माझ्या नाकावर ऑईल ठिबकत होतं, शाफ्ट ढिम्म. हब उघडला, तर आतलं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं आळलेलं. चकती फिरायची, पण आतली कडी दात्यांत शिरतच नव्हती.

"पण डावा लागला होता ना? मग मागचं एक आणि पुढचं एक तरी..."

"तसं नसतंय. उजवीकडं एक्सल मोकळा फिरतोय म्हटल्यावर दोन्ही चाकांत फिरणं वाटणारं डिफरन्शियल सगळं तिकडंच सोडतंय. एक फुकट फिरणारा असला की दुसराबी बसून राहतोय."

इथंही मला खातं आठवलं, पण ते असो. रॉकेलनं धुऊन, नवं ग्रीस बेतानं लावून त्यांनी ३०० रुपये घेतले.

त्या संध्याकाळी उसाच्या फडाकडेच्या चिखलात गाडी घातली आणि ती चालली! चारही चाकांनी चिखल उडवला, टपापासून बायकोच्या साडीपर्यंत. त्या आनंदात दांडा मागे घ्यायचं राहिलंच. तसाच डांबरावरून घरी आलो. कॉलनीच्या वळणावर स्टिअरिंग दगडासारखं झालं, गाडी लंगडीसारख्या उड्या मारू लागली आणि दांडा टू एचमध्ये, म्हणजे नुसत्या मागच्या दोन चाकांवर, येईना. मिस्त्रींना फोन लावला.

"डांबरावर चालवली व्हय? वळताना फुडची चाकं लांबनं जात्यात, मागची जवळनं. दोन्ही शाफ्ट एकात बांधल्यावर त्यास्नी येगळं फिरता येतंय व्हय? पीळ बसलाय. आता सरळ मागं घ्या, सुटंल."

घेतली मागं. आमच्या दारावरून, जोशीकाकांच्या दारावरून, गणपतीच्या मंडपावरून, दांडा ओढत ओढत. पोरं मागे पळत "येऊ दे, येऊ दे" ओरडत होती. बायको घरासमोर उतरली होती. ती गॅलरीत आली.

"आता किती फिरतायत?"

"चारही!" मी खिडकीतून ओरडलो.

"मग मागं कुठं निघालायसा?"