स्वादुपिंडातली गाठ आणि ‘सहा महिने’

तो मेसेज पुन्हा फिरतोय : ‘स्वादुपिंडात गाठ म्हणजे कॅन्सरच. हा कॅन्सर म्हणजे सहा महिने. ऑपरेशन करून हाल वाढवू नका. स्टीव्ह जॉब्सकडे एवढा पैसा होता, तोही वाचला नाही.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण हे वाचून कुणी पुढची तपासणीच टाळली तर? म्हणून एकेक वाक्य घेते.

‘गाठ म्हणजे कॅन्सरच.’ साफ चूक. सीरस सिस्टॅडेनोमा ही पातळ द्रवाने भरलेल्या कप्प्यांची गाठ. तिचा कॅन्सर जवळपास कधीच होत नाही. चिकट स्राव करणाऱ्या म्युसिनस गाठींचं मात्र तसं नाही, त्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो. स्वादुपिंडाचा पाचक रस वाहून नेणाऱ्या नलिकांत होणारी आयपीएमएन ही त्यांतलीच एक. ती मुख्य नलिकेत आहे की बाजूच्या फांदीत, यावर बरंच काही ठरतं. फांदीतल्या लहान गाठीवर बहुतेकदा ठरावीक काळाने एमआरआय करून नुसती नजर ठेवतात. मुख्य नलिकाच 10 मिमी किंवा त्याहून रुंद झाली असेल, तर धोका मोठा असतो आणि शस्त्रक्रियेचा विषय निघतो. घरचे लोक रिपोर्टात गाठीचा आकार तेवढा बघतात आणि नलिकेची ओळ सोडून देतात. ती ओळ आधी वाचा.

‘सहा महिने.’ ही भीती पसरली डक्टल अ‍ॅडिनोकार्सिनोमामुळे, म्हणजे नलिकांच्या अस्तरातल्या पेशींसारख्या पेशींच्या कॅन्सरमुळे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरांपैकी सुमारे 90 टक्के हाच, आणि तो खरोखर क्रूर आहे. खोटा दिलासा मी देणार नाही. बहुतेकांना कळतं तोवर तो पसरलेला असतो. पण त्यातही सगळे रुग्ण सारखे नसतात. जनुकांच्या अभ्यासातून त्याचे ‘क्लासिकल’ आणि ‘बेसल-लाइक’ असे दोन ढोबळ प्रकार पुढे आले. दुसरा जास्त आक्रमक. काहींमध्ये बीआरसीए जनुकात जन्मजात दोष सापडतो. अशांच्या गाठींवर केमोथेरपीतली प्लॅटिनम गटातली औषधं अनेकदा चांगली लागू पडतात, शिवाय भावंडांना आणि मुलांना आपला धोका वेळेत कळतो. म्हणूनच ही जनुक-तपासणी, घरात आधी कुणाला कॅन्सर झालेला नसला तरी, करून घ्यावी.

‘ऑपरेशन नको.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. सॉलिड स्यूडोपॅपिलरी ही गाठ बहुतांशी तरुण स्त्रियांना होते आणि शस्त्रक्रियेने बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. डक्टल कॅन्सरमध्येही मुळापासून बरं होण्याची खरी संधी मिळते ती गाठ काढता आली तरच, जोडीला केमोथेरपी.

राहिले जॉब्स. त्यांची गाठ डक्टल नव्हतीच. ती होती न्यूरोएंडोक्राइन, हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशींची. या गाठी सहसा सावकाश वाढतात. किती वेगाने, ते बायोप्सीतल्या केआय-67 या आकड्यावरून, म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या अवस्थेत आहेत यावरून कळतं : 3 टक्क्यांखाली पहिली, सावकाश वाढणारी श्रेणी, 20 च्या वर तिसरी, सगळ्यात वेगाने वाढणारी. जॉब्स यांचं निदान 2003 मधलं. शस्त्रक्रिया त्यांनी महिनोन्‌महिने लांबवली, ती 2004 मध्ये झाली. 2007 मध्ये त्यांनी आयफोन जगापुढे आणला. ते गेले ऑक्टोबर 2011 मध्ये, निदानानंतर आठ वर्षांनी.