बजर वाजला की मुलं बोलायची थांबतात

"मुलांना गटात कोडी देताना संगीत लावा, भिंती रंगीत करा, तुकडा चुकला की बजर आणि जुळला की टाळ्या वाजू द्या. मेंदू तल्लख होतो, सहकार्य आपोआप वाढतं. मोझार्टच्या संगीतावर हे सिद्ध झालंय!" जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. खाली बहुधा अशा कोड्यांच्या कुठल्यातरी संचाची किंमतही असते.

आधी मोझार्ट, म्हणजे अठराव्या शतकातला युरोपीय संगीतकार, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलेला तो प्रयोग ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवरचा. त्यात लहान मूल एकही नव्हतं, गट तर नव्हताच. संगीत ऐकवलं चाचणीच्या आधी, चाचणी चालू असताना नव्हे. गुण थोडे वाढले आणि १०-१५ मिनिटांत परिणाम ओसरला. पुढे ब्रिटनमध्ये १०-११ वर्षांच्या सुमारे ८,००० मुलांकडून असंच करून घेतलं, तेव्हा एका चाचणीत पॉप गाणी ऐकलेली मुलं मोझार्टवाल्यांच्या पुढे गेली. आवडीचं ऐकलं की मरगळ जाते, गोष्ट एवढीच. म्हणजे तासाआधी झकास अहिराणी गाणं लावलं तरी काम भागेल, संच कशाला?

कोडं चालू असताना संगीत लावणं मात्र सरळ नुकसानीचं. जिल्ह्यांच्या तुकड्यांचा महाराष्ट्राचा नकाशा जोडणारी चार पोरं पाहा. एकीच्या हातात धुळे, ती ते नाशिकच्या खाली सरकवतेय. समोरचा बोट दाखवत ओरडतो, "आठे नही, तठे!" (इथे नाही, तिथे!) या एवढ्याशा वाक्यात डोळा आणि कान दोन्ही लागतात: 'तठे' म्हणजे कुठे ते बोट पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि हाक ऐकू आल्याशिवाय बोटाकडे कोणी बघत नाही. गटाचं सगळं काम याच रस्त्याने चालतं. तिथेच गाणं घातलं तर काय होणार? गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं मुलांना मोठ्यांपेक्षा अवघड जातं. ही क्षमता पुरती यायला किशोरवय उजाडतं. त्यात आपल्या खोल्यांवर पत्रे, वर खडखडणारा पंखा. पाऊस लागला की बाईंचंच बोलणं शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही.

बजरचा तोटा वेगळा. चूक यंत्रच सांगणार असेल, तर "इथे का बसत नाही?" हे एकमेकांना विचारायची गरज उरत नाही. मुलं हुशार असतात: तुकडा उचल, ठेव, वाजला, दुसरा उचल. कोडं भराभर सुटतं आणि सोडवतो तो एकच हात. बाकीचे तिघे प्रेक्षक. याला सहकार्य कसं म्हणायचं?

रंगांचं थोडं निराळं आहे. अमेरिकेत २०१४ साली छापलेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या २४ मुलांना कधी तक्ते-चित्रांनी गच्च भरलेल्या, तर कधी मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवलं. भरलेल्या वर्गातल्या धड्यांवर बरोबर उत्तरं ४२ टक्के, मोकळ्यातल्यावर ५५. म्हणून रंग वाईट असं नाही. त्याच नकाशावर तापी निळ्या रेघेने काढली असेल, तर भुसावळकडून येणारी ती रेघ जळगावच्या तुकड्यावरून धुळ्यावर आणि तिथून नंदुरबारवर सलग जुळावी लागते. ही खूण कोड्याबद्दल काही सांगते, शिवाय चौघांना एकदम दिसते, "निळं इकडे येऊ दे" म्हणून तिच्यावर वाद घालता येतो. संचातल्या तुकड्यांच्या कडेला लुकलुकणारे दिवे नुसतेच लुकलुकतात.

'काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, म्हणून दोन्ही द्या' असंही त्या मेसेजात कुठेतरी घुसडलेलं असतं. मुलांचे असे प्रकार पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला ठोस पुरावा नाही, हे २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात स्पष्ट झालंय.

आवाजाची एक बाजू मात्र मान्य. चौघांची डोकी नकाशात खुपसलेली असतात तेव्हा फळ्यावर काय लिहिलंय ते कोणी बघत नाही. घंटा मात्र सगळ्यांना एकदम ऐकू येते. वेळ संपली, किंवा आता तुकडे दुसऱ्याच्या हाती द्या, एवढं सांगायला ती उत्तम. शाळेतली पितळी घंटा त्याला पुरते.