नाव सांगा, दाखला दाखवा

आपल्या देशात प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कायदेशीर नावाखेरीज धंद्यासाठी निराळे, सुटसुटीत नाव वापरता येते आणि त्याला कुणाची हरकत नसते. मात्र ते नाव वापरायला घेतले की जो तो त्याच्या नोंदणीचा दाखला मागतो, आणि कंपनीच्या अशा नावाचा नुसता दाखला देणारे कार्यालय सरकारने अद्याप उघडलेले नाही. या दोन वाक्यांमधल्या चिंचोळ्या जागेत मी आणि माझी नणंद सध्या मुक्कामाला आहोत.

चिपळुणात आमचा मेतकूट, भाजणी, लोणची आणि आमसुलांचा व्यवसाय आहे. पाककृती सासूबाईंच्या आणि संचालक आम्ही दोघी. मोठ्या दुकानांत माल ठेवायचा तर मागे कंपनी हवी, असे सीएंनी पटवून दिल्यावर आम्ही नावे काढायला बसलो. एका अर्जात दोन नावे सुचवता येतात, त्याची फी १,००० रुपये, आणि मंजूर झालेले नाव २० दिवस आपल्यासाठी राखून ठेवतात. यात अवघड काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी कंपनी नोंदणीच्या २०१४ च्या नियमावलीतला आठवा नियम वाचावा. आधीच्या कंपनीच्या नावाचे अनेकवचन केले तरी नाव तेच धरतात. शब्द जोडले किंवा तोडले तरी तेच. क्रियापदाचा काळ बदलला तरी तेच. पुढे गावाचे नाव लावले तरी तेच. शाळेत व्याकरणाच्या पेपरात ज्या फरकांपायी माझे गुण कापले गेले, ते सारे फरक या नियमाने एका फटक्यात रद्द केले आहेत. चवीशी संबंध असलेला मराठीतला प्रत्येक बरा शब्द आधीच कुणाच्या तरी नावावर चढलेला निघाला. शेवटी सासरे, आजेसासरे आणि नणंदेचे यजमान यांची आद्याक्षरे एकत्र घोटून एक नाव तयार झाले आणि ते तत्काळ मंजूर झाले, कारण तसले नाव दुसऱ्या कुणाला सुचणे शक्यच नव्हते. ते इतके औषधी होते की पहिल्याच प्रदर्शनात एका आजोबांनी मेतकुटाची बरणी डोळ्यांजवळ धरून, हे जेवणाआधी घ्यायचे की नंतर, असे विचारले.

तेव्हा व्यापारी नाव घ्यायचे ठरले. आपल्याकडे दाखल्यावर दत्तात्रय असलेला माणूस जन्मभर बापू म्हणून वावरतो आणि त्याबद्दल त्याला कुणी पुरावा मागत नाही. कंपनीचेही तसेच असेल अशी आमची भाबडी समजूत होती. सीएंनी तर विषय मिनिटात संपवला. जीएसटीच्या नोंदणीत कायदेशीर नावाचा रकाना पॅनवरून आपोआप भरला जातो, त्याला हात लावता येत नाही. पण शेजारी व्यापारी नावाचा रकाना असतो, तो बदलून घेऊ, म्हणाले. अर्ज गेला. उलट टपाली प्रश्न आला, की या नावाचा पुरावा काय? पुरावा म्हणून बँक खात्याचा कागद चालेल, असेही कळले. बँकेत गेलो, तर तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितले, की खात्याला हे नाव जोडून देऊ, फक्त जीएसटीचा दाखला आणा, ज्यावर ते नाव असेल. मी म्हटले, तो दाखला तुमच्या कागदावर अडला आहे. ते म्हणाले, मग तो आला की या. एवढ्या शांतपणे अडवणूक करणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. राग यायलाही जरा वेळच लागला.

बँकेने निघताना आणखी एक कागद सांगितला, तो म्हणजे संचालक मंडळाचा ठराव. कायद्याप्रमाणे मंडळाच्या सभेची लेखी सूचना प्रत्येक संचालकाला किमान सात दिवस आधी द्यावी लागते आणि सभेला किमान दोन संचालक हजर असावे लागतात. आम्ही एकूण दोघीच असल्यामुळे एकीने तोंड फिरवले की कंपनी कायद्याच्या दृष्टीने मुकी होते. नेमक्या त्या आठवड्यात लोणच्यातल्या हिंगाच्या प्रमाणावरून वन्संचा आणि माझा अबोला सुरू होता. (त्या माझ्याहून वयाने लहान आहेत; पण आमच्या घरी नणंद म्हणजे वन्संच.) मी स्वयंपाकघरातून ई-मेलने सूचना धाडली. ओसरीवरून उत्तर आले: ‘सूचना मिळाली. उपस्थित राहीन. हिंगाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.’ आठव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सभा भरली. अध्यक्षस्थानी मी, सूचक मी, अनुमोदक त्या. ठराव एकमताने मंजूर झाला, हिंगाचा विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला, आणि कामकाज चालू असताना यजमानांनी चहा हवा का असे विचारले, तेव्हा संचालक नसलेल्या व्यक्तीने सभेत बोलू नये, अशी समज त्यांना देण्यात आली. अबोला त्याच दिवशी संपला. कंपनी कायदा, २०१३ मध्ये मला आवडलेली कलमे मोजकीच आहेत, त्यांत गणपूर्तीचे कलम फार वर आहे.

पुराव्यासाठी पाटीचा फोटोही चालेल, असे मग कुणीतरी सांगितले. पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर कुठल्याही लिपीहून लहान नसलेल्या अक्षरांत हवी, हे महाराष्ट्रात आता रंगाऱ्यालाही पाठ झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण कंपनी कायदाही म्हणतो, की कचेरीबाहेर कंपनीचे पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावा. जीएसटीचा नियम म्हणतो, की प्रवेशद्वारावरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक लिहा. आमच्या व्यापारी नावाला त्या फळीवर उरलेली जागा मिळाली. बिलाची गत तीच. माथ्यावर कंपनीचा २१ अक्षरांचा क्रमांक, जीएसटीचा १५ चा, अन्न परवान्याचा १४ चा. म्हणजे मेतकुटाच्या एका बरणीचे बिल फाडायचे तर आधी ५० अक्षरे-आकडे छापावे लागतात आणि मेतकूट कुठेतरी तळाशी येते.

सॅन होजेला राहणाऱ्या मावसभावाला ही कथा सांगितली, तर तो म्हणाला, आमच्या कॅलिफोर्नियात हे फार सोपे आहे. तिथे कंपनीने निराळे नाव घेतले की काउंटीच्या कारकुनाकडे अर्ज करायचा आणि मग स्थानिक वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा, असे सलग चार आठवडे ते जाहीर करायचे; पाच वर्षे बघायला नको. मला त्याचा हेवा वाटला. आमच्या बँकेतल्या साहेबांना कुठल्यातरी सरकारी कारकुनाचा शिक्का दाखवता आला असता, तर मी चारच काय, चाळीस आठवडे जाहिरात दिली असती.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितले, की नावाला खरे संरक्षण हवे तर ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवा; कंपनीचे नाव मंजूर झाले म्हणून त्या नावाने बाजारात विकण्याचा हक्क मिळतोच असे नाही. जगातला सगळा माल आणि सगळ्या सेवा यांचे ४५ वर्ग पाडलेले आहेत. ही वाटणी फ्रान्समधल्या नीस शहरी १९५७ साली झालेल्या करारातली, आणि ती करताना कोकणातल्या कुणाला विचारलेले दिसत नाही. कारण लोणचे २९ व्या वर्गात जाते आणि लोणच्याचा मसाला ३० व्या. मेतकूट ३० मध्ये, आमसूल २९ मध्ये. फी दर वर्गाला, तीही आम्ही लघुउद्योग असल्याचा कागद जोडला म्हणून ४,५०० रुपये, नाहीतर ९,०००. सासूबाईंना हे समजावून सांगताना माझी बोबडी वळली. कैरीला मसाला चोळण्याआधी तो एका वर्गात असतो आणि चोळल्यावर दुसऱ्या, हे ऐकून त्या म्हणाल्या, “अगो, मग ढवळताना तो कुठे असतो?” वकिलांनाही याचे उत्तर देता आले नाही.

त्यानंतर नावाची निवड. ‘खमंग’ चालणार नाही, कारण ते मालाचा गुण सांगते. ‘चिपळूण’ चालणार नाही, कारण ते मालाचे गाव सांगते. माल काय आहे हे सांगणारे तर मुळीच नको. १९९९ च्या कायद्यातल्या नवव्या कलमाचा सारांश वकिलांनी असा काढला, की जे नाव ऐकून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही, ते सर्वांत भक्कम. शिवाय अकराव्या कलमाप्रमाणे ते आधीच्या चिन्हाशी मिळतेजुळते नको, आणि त्यासाठी उच्चारसाधर्म्याचाही शोध घेतात. एका संध्याकाळी घरातली सगळी माणसे अंगणात बसून निरर्थक शब्द मोठ्याने उच्चारत होती. शेजारच्या काकू गडूत पाणी घेऊन धावत आल्या. नातवाने पाळण्यात काढलेला एक आवाज अखेर निवडला गेला. त्यावरही हरकतीचा अहवाल आला, त्याला महिन्याच्या आत उत्तर गेले, आणि आता ते नाव ट्रेडमार्कच्या अधिकृत पत्रिकेत प्रसिद्ध झाले आहे. पुढचे चार महिने जगातला कुणीही त्याला विरोध करू शकतो. तोवर नावाची फार वाच्यता करू नका, असे वकिलांनी बजावले आहे, म्हणून सरकारने जगजाहीर केलेले ते नाव मी इथे लिहीत नाही.

दरम्यान उन्हाळा तोंडावर आला आहे आणि सासूबाईंनी कोकमाच्या सरबताचाही पाक आटवायला घेतला आहे. आमसूल २९ मध्ये असले तरी सरबत ३२ व्या वर्गात येते, हे त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही. वन्संना मात्र मी आजच सात दिवसांची सूचना पाठवली.